इंडी गेमला ‘नको’ म्हणताना

एका छोट्या इंडी गेमला, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय स्वतंत्रपणे केलेल्या गेमला, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात ११ रिव्ह्यू आले आहेत असं धरू. ८ अंगठे वर, ३ खाली. म्हणजे साधारण ७३ टक्के, आणि गेमच्या पानावर ‘बहुतांशी सकारात्मक’ अशी पाटी. बारावा रिव्ह्यू तुमचा. तुम्ही अंगठा खाली केलात की हिशेब ८ भागिले १२ होतो, म्हणजे ६७ टक्के, आणि पाटी बदलून ‘संमिश्र’ होते. मधली रेघ ७० टक्क्यांची आहे. ‘संमिश्र’ दिसलं की पुष्कळ जण ट्रेलरसुद्धा न बघता पान बंद करतात. मीही कितीदा केलंय.

लाखभर रिव्ह्यू असलेल्या मोठ्या गेमला तुमच्या एका मताने काही फरक पडत नाही. इथे पडतो. म्हणून काही जण म्हणतात की छोट्या गेमला वाईट रिव्ह्यू देऊच नये, दोन-तीन माणसांनी वर्षानुवर्षं खपून केलेलं असतं, गप्प बसावं. मला हे पटत नाही. त्या पानावर येणारा पुढचा माणूस पैसे काढायच्या बेतात असतो, आणि त्यालाही ते पैसे कुणी फुकट दिलेले नसतात. त्याला खरं सांगणारं कुणीतरी हवं. गेम करणाऱ्यालाही हवं, कारण मित्रमंडळी कौतुकच करतात आणि ज्यांना आवडला नाही ते बहुतेक काही न बोलता निघून जातात.

तेव्हा लिहायचं, पण साक्षीदारासारखं. काय पाहिलं, कुठे उभं राहून पाहिलं, किती वेळ पाहिलं, एवढं साक्षीदाराने सांगायचं असतं. समोरच्याच्या मनात काय होतं हे त्याने सांगायला सुरुवात केली की वकील हरकत घेतो. रिव्ह्यू लिहिताना तो वकील आपला आपणच व्हायचं. पुढचं सगळं ज्यांनी आजवर एकही रिव्ह्यू लिहिलेला नाही त्यांच्यासाठी आहे. स्टीम धरूनच लिहिते, कारण पीसीवरचे बहुतेक इंडी गेम तिथे विकले जातात.

आधी घड्याळ बघा

स्टीमवर गेम विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ २ तासांपेक्षा कमी असेल तर पैसे परत मागता येतात. ही सोय २०१५ पासून आहे आणि कारण फार पटवून द्यावं लागत नाही. नवीन माणसाने ही गोष्ट सगळ्यात आधी लक्षात ठेवावी, कारण कितीतरी रागीट रिव्ह्यू निव्वळ अडकलेल्या पैशांचे असतात. गेम सुरू केल्यावर दीड तासाच्या सुमारास एकदा थांबा आणि स्वतःला विचारा, पुढे खेळायची इच्छा आहे का? नसेल तर पैसे परत घ्या. नुसतं आवडलं नाही एवढंच कारण असेल तर रिव्ह्यू लिहायलाच हवा असं नाही.

पैसे परत घेऊनही लिहिता येतं. मग तुमच्या रिव्ह्यूवर तशी खूण दिसते. ते योग्यच आहे, वाचणाऱ्याला कळतं की हा माणूस दारातूनच परत फिरला.

किती खेळून लिहावं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. एकच आकडा सगळ्यांना लागू होत नाही. दोन तासांत संपणारा गोष्टीचा गेम असेल तर तो पूर्ण करा, त्याशिवाय शेवटाबद्दल बोलू नका. पन्नास तासांचा गेम असेल तर पन्नास तास सहन करायची सक्ती कुणावर नाही, पण जेवढं पाहिलं तेवढ्यापुरतंच बोला. ‘पहिल्या तीन तासांत लढाई एकाच प्रकारची आहे’ हे तीन तास खेळलेला माणूस सांगू शकतो. ‘गेममध्ये लढाई एकाच प्रकारची आहे’ हे तो सांगू शकत नाही. तुमच्या नावाखाली खेळलेले तास स्टीम आपोआप दाखवतं, तरी रिव्ह्यूत लिहाच. तिथे ९ तास दिसत असले तरी त्यातले ५ तास गेम चालू ठेवून तुम्ही जेवायला गेला होतात का, हे तुम्हालाच माहीत.

मग आपलं मशीन

गेम अडखळतोय, चित्र फाटतंय, दर अर्ध्या तासाने बंद पडतोय. राग येणं साहजिक आहे. पण लिहिण्याआधी गेमच्या पानावर खाली दिलेल्या किमान गरजा आपल्या लॅपटॉपशी ताडून बघा. आपल्याकडे पुष्कळ जण कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर खेळतात. तिथे गेम रखडला तर तो दोष गेमच्या माथी मारता येत नाही. मात्र ‘किमान गरजा पूर्ण होत नव्हत्या, तरी करून पाहिलं, नाही चालला’ ही माहिती कामाची आहे. तसंच लॅपटॉप असलेल्या दुसऱ्या कुणाचे तरी पैसे वाचतील.

ग्राफिक्सचे ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र चालवणारं सॉफ्टवेअर, अद्ययावत करा. गेमच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये फायली तपासून घ्यायचा पर्याय असतो, तो एकदा चालवा. अर्धवट डाउनलोड झालेली एखादी फाइलही गेम बंद पाडू शकते. आणि गेमच्या चर्चेच्या पानावर तीच तक्रार इतर कुणी केली आहे का ते पाहा. दहा जणांनी केली असेल तर तुमचं मशीन निर्दोष आहे, बिनधास्त लिहा. या सगळ्याला पंधरा मिनिटं लागतात.

तेवढीही तसदी घ्यायची नसेल तर काही बिघडत नाही. तुम्ही गिऱ्हाईक आहात, कुणाचे बिनपगारी टेस्टर नाही. फक्त मग बंद पडण्याचं कारण काय असेल यावर मत देऊ नका. ‘तीनदा बंद पडला’ एवढंच लिहा.

आवड, दोष आणि दिलेला शब्द

आता मुख्य गोष्ट. गेम आवडला नाही म्हणजे नेमकं काय झालं? माझ्या मते नापसंतीची तीन मुळं असतात, आणि ती एकत्र कालवली की रिव्ह्यू नासतो.

पहिली आवड. मला आळीपाळीने चाली करायच्या लढाया सोसत नाहीत, माझा जीव जातो. कुणाला अवघड गेम नको असतात, कुणाला वाचायला फार मजकूर नको असतो. यात गेमची चूक काही नाही. गेमने पानावर स्पष्ट लिहिलं होतं की लढाया अशा आहेत, तरी मी घेतला, तर खाली अंगठा देणं अन्यायाचं आहे. मिसळ मागवून तिखट लागली म्हणून हॉटेलच्या नावाने ओरडण्यासारखं ते होईल.

दुसरा दोष. गेमला जे करायचं आहे तेच त्याला जमलेलं नाही. उडी मारायचा गेम आहे आणि बटण दाबल्यावर उडी उशिरा बसते. कोडी सोडवायचा गेम आहे आणि कोड्याचा धागा चित्रात दिसतच नाही. चार तासांची मेहनत सेव्ह न होता पुसली जाते. असा दोष आवडीनिवडीच्या पलीकडचा असतो, ज्याला तो प्रकार आवडतो त्यालाही तो खुपतो. दोष लिहिताना स्वतःला विचारायचा प्रश्न हाच, या प्रकारच्या गेमवर प्रेम करणाऱ्याला हे खुपेल का?

तिसरा दिलेला शब्द. ट्रेलरमध्ये, गेमच्या पानावर, मुलाखतीत जे सांगितलं ते गेममध्ये आहे का? याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे ब्रिटनमधल्या गिल्डफर्डच्या हेलो गेम्स या लहान स्टुडिओचा ‘नो मॅन्स स्काय’. तो ऑगस्ट २०१६ मध्ये पूर्ण ६० डॉलरला आला. त्या अथांग विश्वात खेळाडू एकमेकांना भेटू शकतील, असं आधी मुलाखतींमधून सांगितलं गेलं होतं. गेम आल्याआल्या दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर एकाच ठिकाणी पोहोचले आणि त्यांना एकमेक दिसलेच नाहीत. नकारात्मक रिव्ह्यूंचा ढीग पडला. त्यातले कितीतरी शिवीगाळीचे होते, पण ज्यांनी ‘हे सांगितलं होतं, हे मिळालं’ असं ओळीने मांडलं, त्यांचं म्हणणं आजही वाचलं तर खरंच वाटतं. स्टुडिओने मोफत अपडेट देणं थांबवलं नाही. एकमेकांना भेटून सोबत खेळण्याची खरी सोय जुलै २०१८ च्या अपडेटमध्ये आली, आणि गेमबद्दलचं मत वर्षानुवर्षांत पार बदललं. म्हणून २०१६ मधले ते रिव्ह्यू चुकीचे ठरत नाहीत. त्या दिवशी पैसे देणाऱ्याला काय मिळालं, याची ती नोंद आहे.

तीन मुळं वेगळी काढली की अंगठा ठरवणं सोपं होतं. शब्द मोडला असेल किंवा दोष गाभ्यातच असेल तर खाली. नुसती आवडीची गोष्ट असेल तर मी शक्यतो अंगठा देतच नाही, फार तर वर देऊन ‘हा गेम कुणासाठी नाही’ ते लिहिते.

आपला गेम, आपली माणसं

इथे थोडं थांबते, कारण आपल्याकडे याचा फार घोळ होतो.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला. आधी ऑगस्टमध्ये निन्टेन्डो स्विचवर, मग ऑक्टोबरमध्ये पीसी आणि इतर कन्सोलवर. त्याआधी २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणीची मोहीम केली होती, ती उद्दिष्टापर्यंत पोहोचली नाही. तरी गेम पुरा झाला, आणि २०२० च्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या इंडी गेमच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकनही मिळालं. जगभरच्या गेमच्या मंचावर पुण्याचं नाव ऐकून मला किती बरं वाटलं होतं ते सांगता येणार नाही.

आणि तरीही, तो गेम खेळून ज्याला लढाया काही वेळाने त्याच त्या वाटल्या, किंवा पाच-सहा तासांनंतर गोष्ट ऐन मोक्यावर तुटल्यासारखी वाटली, त्याने तसं लिहिणं पूर्ण रास्त होतं. ‘पुण्याच्या मुलांनी केलाय, सांभाळून घ्या’ असं म्हणणारे मला भेटले. ‘भारतीय गेम म्हणजे एवढंच जमणार’ असं म्हणणारेही भेटले. दोघांनीही गेमकडे नीट पाहिलेलं नसतं. पहिला आपलेपणाने डोळे झाकतो, दुसरा खेळायच्या आधीच निकाल देऊन बसतो. मूळ गेममध्ये प्राचीन भारतातली पात्रं इंग्रजीत बोलायची, आणि हे पुष्कळांना खटकलं. पुढच्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले. खटकलेली गोष्ट मोघम न ठेवता नेमकी बोलली की ती बदलण्याजोगी तरी होते.

याच्याशी जोडून आणखी एक. मराठी गेम करणाऱ्यांचं जग लहान आहे. डेव्हलपर तुमचा वर्गमित्र असेल, बहिणीच्या ऑफिसातला असेल, गेमची प्रत त्याने तुम्हाला फुकट दिली असेल, तर ते पहिल्या ओळीत सांगा. फुकट मिळालेल्या प्रतीसाठी स्टीमवर वेगळी खूण करायची जागा आहे. आणि ओळख जवळची असेल तर जाहीर रिव्ह्यू लिहूच नका, फोन करा. फोनवर सगळं खरं सांगा मात्र.

गेम जॅमच्या गेमचंही वेगळं बघावं लागतं. लुडम डेअरसारख्या स्पर्धा २००२ पासून चालू आहेत, तिथे एकट्याने ४८ तासांत गेम करायचा असतो. असे गेम पुढे इच.आयओ या वेबसाइटवर फुकट पडून राहतात. त्यांना विकत घेतलेल्या गेमचा मापदंड लावू नका. एखादी सूचना असेल तर करणाऱ्याला लिहा. तिथे कुणाचे पैसे बुडत नसतात.

किमतीबद्दल कसं बोलावं

‘चारशे रुपयांत फक्त तीन तास’ ही तक्रार सगळीकडे दिसते. तासाला इतके रुपये हा हिशेब मला पटत नाही. तीन तासांचा गेम आठवडाभर डोक्यात घोळत राहू शकतो, आणि साठ तासांचा गेम नुसती कामाची यादी असू शकतो. पण किंमत हा बोलायचा विषय नाही असं मी म्हणत नाही. आपल्याकडे चारशे रुपये म्हणजे कॉलेजातल्या मुलाचा महिन्याचा खाऊ असतो. तेव्हा तुम्ही किती रुपयांना घेतला, सेलमध्ये की पूर्ण किमतीत, आणि तो किती तासांत संपला, हे तिन्ही लिहा. वाचणारा आपला हिशेब आपण करतो. ‘महाग आहे’ एवढ्याने त्याच्या हाती काही लागत नाही.

आता लिहायला बसा

राग डोक्यात असताना लिहायला हरकत नाही, पण लगेच प्रसिद्ध करू नका. एक रात्र जाऊ द्या.

मी एक गेम कल्पून घेते. कोकणातल्या एका गावात चहाची टपरी चालवायची, गिऱ्हाईकांशी गप्पा मारायच्या, टपरीचं हळूहळू हॉटेल करायचं. तो खेळून वैतागलेल्या माणसाचा पहिला रिव्ह्यू असा येईल:

‘बकवास गेम. डेव्हलपर आळशी आहेत. अर्ध्या तासात कंटाळा. पैसे पाण्यात. घेऊ नका.’

यातलं एकही वाक्य वाचणाऱ्याच्या कामाचं नाही. ‘आळशी’ हा शब्द तर कायमचा टाकून द्या. डेव्हलपर आळशी आहे की रात्रीचा दिवस करून थकलेला आहे, की पैसे संपले म्हणून अर्धवट सोडून द्यावं लागलं, हे तुम्हाला स्क्रीनवरून दिसत नाही. दिसतं ते फक्त अपुरेपण. तेच लिहा. त्याच माणसाने दुसऱ्या दिवशी लिहिलेला रिव्ह्यू बघा:

‘शिफारस करत नाही. ६ तास खेळलो, गेममधला पहिला पावसाळा पूर्ण केला. पूर्ण किमतीत घेतला.

चित्रं सुरेख आहेत आणि पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज तर ऐकत बसावा असा आहे. पण दुसऱ्या तासानंतर करण्यासारखं नवं काही उरत नाही. गिऱ्हाईकं तीच चार, मागण्या त्याच, आणि टपरी वाढवली तरी फक्त गल्ल्यातला आकडा वाढतो. गेमच्या पानावर “गावकऱ्यांच्या गोष्टी उलगडत जातात” असं लिहिलं आहे. माझ्या ६ तासांत दोनच गावकऱ्यांना चार वाक्यांपलीकडे बोलायला होतं.

उधारीची वही उघडल्यावर गेम तीनदा बंद पडला. सेव्ह मात्र शाबूत राहिला. माझा लॅपटॉप सांगितलेल्या गरजांपेक्षा वरचढ आहे.

ज्यांना रोज झोपण्याआधी दहा मिनिटं डोकं शांत करायला काहीतरी हवं आहे, त्यांना चालेल. गोष्टीसाठी घेणार असाल तर थांबा. आवृत्ती १.०.३.’

हा रिव्ह्यू पहिल्यापेक्षा जास्त कठोर आहे हे लक्षात घ्या. पहिल्यात नुसता आवाज आहे, याच्यात गेमचं खरं दुखणं सापडलं आहे. निकाल पहिल्याच शब्दांत आहे, कारण स्टीमवर लांब रिव्ह्यू घडी घालून दिसतो आणि बरेच जण तो उलगडत नाहीत. मग तो कुठे उभा राहून बोलतोय ते आलं: तास, टप्पा, किंमत. चांगलं काय ते एका वाक्यात आलं, आणि ते खरं आहे म्हणून आलं. नकारात्मक बोलायच्या आधी दोन गोड शब्द पेरायची शिष्टाई मला आवडत नाही, वाचणाऱ्याला ती ओळखू येते. चांगलं काही सापडलंच नाही तर लिहू नका. नंतर दोष आणि मोडलेला शब्द वेगवेगळे आले, आकड्यांसकट. आणि शेवटी हा गेम कुणाला चालेल तेही आलं. गेम करणाऱ्याने हे वाचलं तर सोमवारी सकाळी कुठून सुरुवात करायची हे त्याला कळेल.

शेवटाचं रहस्य फोडत असाल तर ते झाकायची खूण वापरा, स्टीमवर ती आहे. मराठीतच लिहा, आपल्या भाषेत नेमकं बोलता येतं. पण डेव्हलपर परदेशातला असेल तर मुख्य दोष सांगणारी एक-दोन वाक्यं खाली इंग्रजीतही टाका, म्हणजे ते त्याच्यापर्यंत पोहोचेल.

चोरीचे आरोप करताना फार जपा. अलीकडे ‘ही चित्रं एआयने केली आहेत’ हे वाक्य सहज फेकलं जातं. एआय वापरला असेल तर तसं पानावर जाहीर करायला स्टीमने जानेवारी २०२४ पासून डेव्हलपरांना सांगितलं आहे. तशी नोंद तिथे असेल आणि तुम्हाला ते नको असेल, तर जरूर लिहा. नोंद नसेल तर ‘तिसऱ्या चित्रातल्या हाताला सहा बोटं आहेत’ हे तुम्ही पाहिलेलं लिहा आणि थांबा. एखाद्या चित्रकाराने वर्षभर बसून हाताने काढलेल्या कामावर तुम्ही असा डाग लावलात तर तो पुसायला तो कुठे जाणार?

गेमबाहेरचे राग

सप्टेंबर २०१७ मध्ये ‘फायरवॉच’ या गेमवर एकाएकी खाली अंगठ्यांचा पाऊस पडला. गेममध्ये काहीच बदललं नव्हतं. एका प्रसिद्ध यूट्यूबरने थेट प्रक्षेपणात वर्णद्वेषी शब्द वापरला, म्हणून कॅम्पो सॅन्टो या स्टुडिओने कॉपीराइटच्या आधारे त्याचा फायरवॉचचा व्हिडिओ काढायला लावला, आणि त्याचे चाहते चिडले. कॉपीराइटचं हत्यार असं वापरावं का, यावर खरोखर वाद होऊ शकतो. पण जंगलातल्या टेहळणी मनोऱ्यावरचा तो गेम घ्यावा की नाही, हे बघायला आलेल्या माणसाला त्या वादातून काही मिळत नाही. असे लोंढे ओळखून ते एकूण गुणांतून वगळायला स्टीमने २०१९ मध्ये सुरुवात केली. स्टुडिओच्या वागण्यावर बोलायचं असेल तर स्वतःच्या नावाने दुसरीकडे बोला.

मात्र ‘विषयबाह्य’ म्हणून प्रत्येक गर्दी झटकून टाकू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘हॉलो नाइट : सिल्कसाँग’ आला तेव्हा जगभर कौतुक होत असताना चिनी खेळाडूंनी मोठ्या संख्येने अंगठे खाली केले. त्यांचं म्हणणं होतं की चिनी भाषांतर उगाच पुराणी ढब आणून केलं आहे आणि संवाद कळत नाहीत. ही तक्रार गेमच्या आतलीच होती, फक्त ती एका भाषेपुरती होती. ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरीने ती मान्य करून भाषांतर सुधारू म्हणून लगेच कळवलं. वाईट मराठी भाषांतर वाचायची पाळी ज्यांच्यावर आली आहे त्यांना त्या खेळाडूंचा संताप वेगळा समजावून सांगायला नको.

अंगठा

स्टीमवर तारे नाहीत, दहापैकी गुण नाहीत. वर किंवा खाली. यामुळे ‘बरा आहे पण’ वाल्या गेमची पंचाईत होते. मी एकच प्रश्न विचारते: आज, या किमतीला, आहे त्या अवस्थेत, हा प्रकार आवडणाऱ्या मैत्रिणीला मी हा घे म्हणेन का? ‘पुढे सुधारेल’ हे उत्तर धरायचं नाही. अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे गेम पुरा होण्याआधीच विकायला ठेवतात तिथेही नाही. गेम अपुरा आहे हे तिथे आधीच सांगितलेलं असतं, त्यामुळे अपुरेपणाला दोष देऊ नका, पण आज जे आहे ते पैसे देण्याजोगं आहे का, हे जरूर सांगा.

पुण्यात २०२२ साली पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी मुख्य करंडक कुणालाच दिला नाही, तेव्हा केवढी चर्चा झाली ते नाटकवाल्यांना आठवत असेल. मुलांची उमेद खचेल असं काही जण म्हणाले, करंडकाचा मान राहिला असं काही जण म्हणाले. मला तेव्हा आणि आताही वाटतं की ‘नाही’ म्हणायचा अधिकार असायलाच हवा, पण ज्यांना नाही म्हटलं त्यांना कारण कळलंच पाहिजे. म्हणून फक्त अंगठा खाली करून एका शब्दात रिव्ह्यू संपवू नका. छोट्या गेमच्या बाबतीत तर नाहीच. पाटी बदलायची ताकद वापरताय तर पाच ओळी लिहा.

लिहून झाल्यावर

रिव्ह्यू कधीही बदलता येतो, आणि हा भाग लोक साफ विसरतात. गेम सुधारतो, दोष जातो, पण तीन वर्षांपूर्वीचा खाली अंगठा तसाच राहतो. ज्या गेमला ‘नको’ म्हटलंय त्यांची मी एक छोटी यादी ठेवते आणि मोठा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, आला की एकदा डोकावते.

डेव्हलपर तुमच्या रिव्ह्यूखाली उत्तर देऊ शकतो. चिडून दिलं तर वाद घालत बसू नका. तुमची साक्ष झालेली आहे. त्याने दाखवलेली चूक खरी असेल तर तेवढी दुरुस्त करा आणि दुरुस्त केली असं लिहा. अंगठा बदलून देण्याबद्दल कुणी पुढचा गेम फुकट देऊ केला तर नाही म्हणा.

माझाच एक अनुभव सांगते. दोन माणसांनी केलेला कोड्यांचा गेम होता, नाव सांगत नाही. तिसऱ्या भागाच्या शेवटी माझा सेव्ह गेला, सहा तासांचा. साध्या बगसाठी मी आधी डेव्हलपरला कळवते आणि आठवडाभर वाट बघते. सेव्ह पुसला जात असेल तर थांबत नाही, कारण त्याच संध्याकाळी आणखी कुणाचा तरी जाणार असतो. मी लगेच लिहिलं: कुठल्या भागात, काय करत असताना, कुठल्या आवृत्तीत. आणि उत्तरार्धातली कोडी पूर्वार्धातल्यांचीच उजळणी वाटतात, हेही लिहिलं. चौथ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं, सेव्हची फाइल मागितली. दोन आठवड्यांनी पॅच आला. मी पहिल्यापासून पुन्हा खेळले, आणि जुना मजकूर तसाच ठेवून त्याच्या वर तारीख घालून ही भर टाकली:

‘सेव्ह जाण्याचा दोष दुरुस्त झाला आहे. तिसरा भाग दोनदा खेळून तपासला, दोन्ही वेळा सेव्ह राहिला. दोघांनी फार तत्परतेने काम केलं. उत्तरार्धातल्या कोड्यांबद्दलचं माझं मत मात्र दुसऱ्यांदा खेळूनही तेच आहे, त्यामुळे अंगठा खालीच ठेवत आहे. पहिले दोन भाग सुंदर आहेत. तेवढ्यासाठी सेलमध्ये घेणार असाल तर घ्या.’